रक्तगट पाहून जेवायचं का भाकर-वरण-भाजीच बरी? लॅबमध्ये रोज विचारले जाणारे प्रश्न

मी एका तालुक्याच्या गावी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब चालवतो. आधी ब्लड ग्रुप काढायला लोकं यायचे ते ऑपरेशन असलं, बाळंतपण असलं, नाहीतर पोराच्या शाळेच्या ओळखपत्रावर लिहायचं असलं तरच. आता नवीनच गिऱ्हाईक सुरू झालं आहे, "भाऊ, फक्त ग्रुप काढून द्या, डायट चार्ट बनवायचा हाय." मग रिपोर्ट हातात पडला की तिथंच बाकड्यावर बसून प्रश्न सुरू होतात, आणि मागं लाइनीत उभे असलेले पण कान देऊन ऐकतात. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ पण नाही, पण रक्त रोज पाहतो आणि या विषयावर बरंच वाचलं आहे. तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाचं लिहून काढलं. काही जण सोबतच "होल फूड प्लांट बेस्ड" म्हणजे अख्ख्या, झाडा-वेलीच्या जेवणाचं पण विचारतात, ते पण यात घेतलं आहे. प्रश्न जसे कानावर येतात तसेच ठेवले आहेत.

हे ब्लड ग्रुपचं डायट म्हंजे नेमकं काय असते जी?

अमेरिकेत पीटर डीअडामो नावाचा एक निसर्गोपचारवाला आहे, त्याचं १९९६ मध्ये पुस्तक आलं आणि तिथून हे जगभर पसरलं. त्याचे वडील पण याच धंद्यातले, मूळ कल्पना त्यांची. म्हणणं थोडक्यात असं की ओ ग्रुप म्हणजे शिकारी माणसाचा, त्यानं मांस खावं आणि गहू, दूध टाळावं. ए ग्रुप शेतकऱ्याचा, त्यानं शाकाहारी राहावं. बी ग्रुप ढोरं पाळत फिरणाऱ्यांचा, त्याला दूध-दही चालते पण कोंबडी, मका, मसूर, शेंगदाणे, तीळ चालत नाही. आणि एबी म्हणजे दोन्हीची खिचडी. चार ग्रुपच्या चार याद्या, प्रत्येकीत काय औषधासारखं, काय चालते, काय विषासारखं ते लिहिलेलं.

गंमत सांगतो, ए ग्रुपच्या यादीत संत्रं वर्ज्य आहे. आता वरूड-मोर्शीकडच्या, संत्र्याच्या पट्ट्यातल्या, ए ग्रुपच्या माणसानं काय करावं, झाडाखाली बसून नुसतं पाहावं का?

ओ ग्रुप सगळ्यात जुना, म्हून त्याले मटण खाच लागते, खरं हाय का?

नाही. रक्तगट शोधून काढले कार्ल लँडस्टायनरनं, १९०१ मध्ये छापले, १९३० मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्यानंतर जनुकं वाचता यायला लागली तेव्हा कळलं की ए आणि बी हेच लय जुने आहेत, इतके जुने की माणसाच्या आधीच्या वानरांमध्ये पण सापडतात. ओ ग्रुप कसा होतो तर ए च्या जनुकातलं एक अक्षर गळून पडलं की ते जनुक कामातून जाते, आणि जे उरते ते ओ. म्हणजे ज्याला आजोबा म्हणतात तो नातू निघाला.

आणि शिकारीचंच बोलायचं तर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी जवळपास सगळेच्या सगळे ओ ग्रुपचे. त्यांनी जगाला काय दिलं? मका दिला, आलू दिले, राजमासारख्या शेंगा दिल्या. हजारो वर्षं शेती करून मका-शेंगा खाणारे लोकं ओ ग्रुपचे निघाले आणि त्याच ओ ग्रुपला मका आणि राजमा वर्ज्य, मला तर हे वाचूनच हसू आलं होतं.

डाळीतलं लेक्टिन रक्तात गुठळ्या करते म्हणतात, ते काय असते?

हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे कारण गुठळ्या मी रोज पाहतो. काचेच्या पट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवायचे, एकावर निळं औषध, एकावर पिवळं आणि एकावर पाण्यासारखं बिनरंगाचं. काडीनं फिरवायचं, पट्टी अशी हलके हलके हलवायची, आणि मिनिटभरात जिथं ग्रुप जुळतो तिथं दूध फाटल्यासारखे कण कण वेगळे होतात. निळ्यात फाटलं तर ए, पिवळ्यात फाटलं तर बी, दोन्हीत फाटलं तर एबी, दोन्हीत नाही तर ओ. तिसऱ्या थेंबावरून पॉझिटिव्ह का निगेटिव्ह ते कळते. एवढी सोपी गोष्ट आहे, कधी आलात तर दाखवतो.

आता लेक्टिन हे धान्यात, डाळीत, शेंगात असलेलं एक प्रोटीन आहे आणि त्यातले काही खरंच रक्तपेशी चिकटवतात, ते खोटं नाही. पण बहुतेक लेक्टिन ग्रुप बघत नाहीत, चिकटवलं तर सगळ्यांचंच चिकटवतात. ग्रुप ओळखणारे मोजकेच आहेत, आणि त्यातलं सगळ्यात नावाजलेलं कोणतं माहीत आहे का? आपली कुळथी! कुळथीच्या कच्च्या दाण्यातलं लेक्टिन रक्तपेढीत वापरतात, ए ग्रुपचे दोन पोटभाग असतात ते वेगळे काढायला. म्हणजे ए ग्रुपच्या माणसानं कुळथीचं पाणी पिलं की त्याच्या अंगात काचपट्टीवरच्यासारखं व्हायला पाहिजे. होते का? चुकीच्या ग्रुपचं रक्त चढवलं तर माणूस दगावू शकते, कारण तेव्हा रक्तपेशी अंगात खरंच चिकटतात आणि फुटतात. वरण खाऊन असं झालं असतं तर आपल्याकडं पंगतीतून कोणी उठलंच नसतं.

कारण साधं आहे, शिजवलं की लेक्टिन मरते. कुकरच्या शिट्ट्या त्याच कामाच्या. राजम्यासारखे दाणे तेवढे रात्रभर भिजवून, पाणी फेकून, चांगले खळखळ उकळून खायचे, अर्धकच्चे खाल्ले तर उलट्या-हगवण लागते. आणि ती ए ला पण लागते, ओ ला पण लागते.

पण माह्या जावयाचं वजन उतरलं ना बाप्पा, मंग ते खोटं कसं?

वजन उतरलं हे खरं, ग्रुपमुळं उतरलं हे खरं नाही. याच्यावर माझ्याकडं एक पक्का किस्सा आहे.

आमच्या नात्यातलेच एक काकाजी, त्यांच्या जुन्या ओळखपत्रावर ग्रुप ओ लिहिलेला. कुठल्यातरी शिबिरात जाऊन त्यांनी ओ चा चार्ट आणला आणि चार महिने इमानदारीनं पाळला. बिस्किटं बंद, पाव बंद, साखरेचा दुधाचा चहा बंद, रात्रीची भाताची दुसरी वाढ बंद, भाजी वाढवली, सकाळी शेताच्या बांधावरून चक्कर. सहा किलो उतरले, गावभर सांगत फिरले. मग हर्नियाचं ऑपरेशन ठरलं म्हणून माझ्याकडं आले. मी पट्टी लावली, पिवळ्या थेंबात दूध फाटलं. मला वाटलं माझीच चूक, पुन्हा लावली, पुन्हा तेच. बी पॉझिटिव्ह! काकाजी माझ्याकडं असे पाहायला लागले जसं मीच त्यांचं रक्त बदललं. ओळखपत्रावर कोणीतरी कधीतरी अंदाजानं लिहिलं असेल. म्हणजे चार महिने दुसऱ्याच ग्रुपचा चार्ट पाळला आणि फायदा पूर्ण झाला. म्हणतात, "मंग माहे सहा किलो वापस येतीन का आता?"

मोठ्या प्रमाणावर हेच कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठात पाहिलं, २०१४ मध्ये छापून आलं. १,४५५ लोकं घेतले, कोण काय खाते ते लिहून घेतलं आणि रक्त तपासलं. ए ग्रुपच्या चार्टशी ज्यांचं जेवण जुळत होतं, म्हणजे भाजीपाला, धान्य जास्त आणि मांस कमी, त्यांचं वजन, कंबर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं बरं निघालं. पण ते ए ग्रुपवाल्यांचंच नाही, बी, ओ, एबी सगळ्यांचं बरं निघालं. ग्रुप जुळला काय न जुळला काय, फरक शून्य. त्याच्या आधी २०१३ मध्ये बेल्जियमच्या लोकांनी सगळे जुने अभ्यास चाळले होते, १,४१५ संदर्भ पाहिले आणि निकषात बसला फक्त एक, आणि तो पण ए-बी-ओ चा नव्हता, दुसऱ्याच एका रक्तगट पद्धतीचा होता. पुस्तक येऊन सतरा वर्षं झाली होती तेव्हा.

आणि हे होल फूड प्लांट बेस्ड म्हंजे आपला शाकाहारच ना?

नाही ना, इथंच सगळ्यांची गडबड होते. आपल्याकडं शाकाहारी म्हणजे मटण-अंडं खात नाही एवढंच. मग तो दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा पिते, उपासाला तुपातला साबुदाणा खाते, संध्याकाळी चिवड्यावर शेव टाकून खाते आणि वर म्हणते आम्ही माळकरी. माळेचा मान आहेच, पण रक्तातल्या चरबीला माळ दिसत नाही.

होल फूड प्लांट बेस्ड यात दोन गोष्टी आहेत. एक, खायचं ते झाडा-वेलीचं, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध, तूप काही नाही. दोन, जसं निसर्गानं दिलं तसंच्या तसं, निदान जवळपास तसं. अख्खं धान्य, डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, शेंगदाणे-तीळ. मैदा, साखर, आणि हो, तेल पण फार कमी किंवा नाहीच. यातलं "प्लांट बेस्ड" हे नाव अमेरिकेतल्या कॉलिन कॅम्पबेल नावाच्या प्राध्यापकानं १९८० च्या आसपास वापरात आणलं. यात ग्रुप विचारत नाहीत, सगळ्यांना एकच यादी.

आणि ग्रुपनं याच्यात फरक पडतो का हे पण पाहून झालं आहे. अमेरिकेतले डॉक्टर नील बर्नार्ड आणि त्यांच्या टीमनं लोकांना १६ आठवडे कमी तेलाचं, पूर्ण झाडाचं जेवण घ्यायला सांगितलं होतं. त्यातल्या ६८ लोकांचे रक्तगट नंतर पाहिले तर वजन, साखर, कोलेस्टेरॉल कशातच ग्रुपनं फरक पडला नाही. ओ वाल्यांना मांसाशिवाय त्रास व्हायला पाहिजे होता, झाला नाही. एक सांगून ठेवतो, बर्नार्ड स्वतः अशा जेवणाचे जुने प्रचारक आहेत आणि ६८ म्हणजे काही फार नाहीत, पण टोरंटोवाल्यांचं आणि यांचं उत्तर एकाच दिशेला जाते.

म्हंजे महागाचं असन, क्विनोआ-ॲव्होकॅडो आनाव लागन?

काही नाही आणायचं. तुमच्या आजीचं ताट आठवा, दिवाळीतलं नाही, साध्या मंगळवारचं. ज्वारीची भाकर, तुरीचं फिकं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कांदा. हे जवळपास तेच आहे. पावसाळ्यात तरोटा फुकट उगवते, उन्हाळ्यात चिवळ, घोळ, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा, हरभऱ्याची भाजी, मुंगण्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा तर कोणाच्याही अंगणात. वांग्याचं भरीत करायचं तर आगीवर भाजून, हिरवी मिरची-लसूण-सांबार कुटून घालायचं. सांबार म्हणजे कोथिंबीर बरं का, पुण्याकडचे वाचत असतील तर गोंधळ नको. जवस तेवढा भाजून कुटूनच खा, अख्खा खाल्ला तर जसा गेला तसाच बाहेर येते.

माझं मत स्पष्ट सांगतो, आपलं जेवण बिघडलं ते तीन गोष्टींनी: तेल, साखर आणि पॉलिश तांदूळ-मैदा. शेतात तूर, ज्वारी, चणा, भुईमूग पिकवणाऱ्या गावात पोरं सकाळी चहासोबत टोस्ट खातात, हे पाहून कसंतरी होते. सोयाबीनचं तर विचारूच नका, पोत्यानं पिकवतो, पोत्यानं विकतो आणि तेलाचा पिपा विकत आणतो, घरात एक दाणा शिजत नाही.

तेल सोडलं तं तोंडात घास उतरन का? आमचं तर्रीशिवाय होत नाही.

एकदम सोडा असं मी म्हणतच नाही, मी पण नागपूरला गेलो की तर्री पोहे खातो. पण हिशेब करून पाहा. चार माणसांच्या घरात १५ किलोचा पिपा दोन महिन्यांत संपत असेल तर माणशी रोजचं ६० ग्रॅमच्या वर तेल जाते. एका ग्रॅममागं ९ कॅलरी, म्हणजे साडेपाचशे कॅलरी, दोन मोठ्या भाकरींएवढ्या, आणि त्यात ना प्रोटीन ना चोथा. आमच्या घरी बायकोनं एक काम केलं, तेलाची बुधली बदलली, धारेच्या जागी चमचा आला. पिपा आता साडेचार महिने जाते. पहिले पंधरा दिवस मी कुरकुर केली, खोटं कशाला बोलू, मग वरणाला वरणाची चव लागायला लागली.

निसत्या भाकरी-वरणात प्रोटीन कुठून येईन? आन चार्टमंधी तं डाळ बंद लिहिली हाय.

आधी चार्टचं सांगतो. मूळ इंग्रजी यादीत ओ आणि बी दोघांनाही मसूर बंद आहे. मराठीत उतरवणाऱ्यानं त्याचं सरळ "डाळ" करून टाकलं. एक वहिनी माझ्याकडं आल्या होत्या, बी ग्रुप, तीन महिन्यांपासून तूर, मूग, चणा सगळं बंद, वर शेंगदाणे-तीळ पण बंद, आणि घरात मटण महिन्यातून एकदा. हिमोग्लोबिन ८.६ आलं. आता त्याला डाळच कारण होती असं मी म्हणत नाही, पण गरिबाच्या ताटातून डाळ काढायचा सल्ला देणाऱ्याचा मला राग येतो तो येतोच.

आता हिशेब. आपल्या पोषण संस्थेनं, हैदराबादच्या, माणसाला वजनाच्या दर किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. ६० किलोच्या माणसाला झाले ५० ग्रॅम. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला साधारण १० ग्रॅम, तुरीच्या डाळीत २२, शेंगदाण्यात २५. दिवसभरात अडीचशे ग्रॅम पिठाच्या भाकरी, शंभर ग्रॅम डाळ-कडधान्य, मूठभर शेंगदाणे, झाले की पन्नासच्या वर. अट एकच, वरण म्हणजे पिवळं पाणी नको, वाटीत बोट बुडवलं तर डाळ लागली पाहिजे. ज्वारीत जे कमी आहे ते डाळीत जास्त आहे, म्हणून चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, ही जोडी उगाच नाही जमली.

दूध-दही पण बंद? मंग बी-१२ चं काय?

हा खरा प्रश्न, आणि यात प्लांट बेस्डवाले जर गोल गोल बोलत असतील तर ऐकू नका. बी-१२ झाडात नाही, कुठल्याच भाजीत नाही, मुंगण्यात नाही, अंबाडीत नाही. ते जिवाणू बनवतात आणि आपल्याला दूध, अंडी, मांस यातून मिळते. पूर्ण बंद करायचं तर गोळी घ्यावीच लागते, ती पण डॉक्टरला विचारून, किती ताकदीची ते ठरवून. आणि आपल्याकडं दूध पिणाऱ्या लोकांचं पण बी-१२ कमी येते, माझ्याकडं तर रोज येते: तळपायाला मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत, दम लागणे, विसरभोळेपणा. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं तर तपासूनच घ्या. फक्त फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त वरून सुधारलेलं दिसते आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहते, म्हणून स्वतःच्या मनानं नको.

रेशनच्या तांदळाबद्दल इथंच सांगतो. मागच्या काही वर्षांत त्यात शंभर दाण्यांत एक वेगळा दाणा मिसळून यायला लागला होता, पोषक घातलेला, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असते. आमच्याकडं तो "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून सुपात निवडून बायांनी कोंबड्यांपुढं टाकला! तो पाण्यावर तरंगते, थोडा वेगळा दिसते, म्हणून. तो प्लास्टिक नाही, तांदळाच्याच पिठाचा बनवलेला दाणा आहे. पण त्याच्यावर बी-१२ चं भागत नाही, किलोला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, दिवसाला तीनशे ग्रॅम खाल्ला तरी गरजेच्या मानानं थोडंच मिळते.

मटण सोडाच लागते का?

मला विचाराल तर नाही, रविवारचं मटण रविवारी राहू द्या आणि बाकी सहा दिवस ताट नीट करा, निम्म्यापेक्षा जास्त काम तिथंच होते. पूर्ण सोडायचं असेल तर बी-१२ चं वर लिहिलं ते वाचून सोडा.

माह्या पोरीचा रिपोर्ट एएस आला, मंग तिले एबीचा चार्ट चालन का?

थांबा. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा येते आणि प्रत्येक वेळी मी हातातलं काम ठेवून उत्तर देतो. एएस हा रक्तगट नाही. तो सिकल सेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या एका आजाराचा, रिपोर्ट आहे. आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकल सेल बरंच आहे. एएस म्हणजे वाहक, तिला स्वतःला सहसा त्रास नाही, पण लग्नाच्या वेळी मुलाचा रिपोर्ट पाहावाच लागते, कारण दोघंही एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची असते, आणि एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. ग्रुप तिचा वेगळा, ए, बी, ओ काहीही असू शकते.

एसएस असलेल्या पोराला कोणताही चार्ट लावू नका, ना ब्लड ग्रुपचा ना प्लांट बेस्डचा. कडक उपास नको, पाणी भरपूर, फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरनं दिलेलं औषध चालू ठेवायचं, लोहाची गोळी पण विचारल्याशिवाय नको.

म्हंजे ब्लड ग्रुपचा तब्येतीशी काहीच संबंध नाही?

आहे ना, तसं कोणी म्हणालं तर ते पण चूक. ओ ग्रुपवाल्यांच्या रक्तात गोठवणारा एक घटक कमी असते म्हणून शिरेत गुठळी व्हायचा धोका त्यांना थोडा कमी. जठर-लहान आतड्याचे अल्सर त्यांना थोडे जास्त, पोटाचा कॅन्सर ए वाल्यांना थोडा जास्त, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. कॉलरा ओ वाल्यांना जोरात लागते. उलट मेंदूपर्यंत जाणारा घातक मलेरिया ओ ग्रुपला कमी होते, आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ही काही पुस्तकातली गोष्ट नाही. पण यातल्या कशातूनच "तू गहू खाऊ नको" असं निघत नाही. मच्छरदाणी सगळ्या ग्रुपला लागते.

शुगरची, बीपीची गोळी सुरू हाय, उद्यापासून सुरू करू का?

उद्यापासून नको, डॉक्टरला सांगून. जेवण खरंच बदललं की साखर उतरते आणि गोळी तेवढीच राहिली तर एक दिवस बांधावर चक्कर येऊन पडाल, इन्सुलिनवाल्यांनी तर जास्तच जपायचं. किडनीचा त्रास असेल तर डाळ, पालेभाजी, फळं यांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील, कारण पोटॅशियम वाढते. रक्त पातळ करायची वॉरफेरिन गोळी असेल तर पालेभाजी अचानक वाढवायची पण नाही, अचानक बंद पण करायची नाही.

लाखोळीची डाळ चालते का यात?

भंडारा-गोंदियाकडचे हमखास विचारतात. उभ्या धानात उतेरा पेरायची, बिना पाण्याची येते, चवीला छान. पण तिच्यात एक विषारी द्रव्य आहे, महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय कायमचे लुळे पडू शकतात, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. नंतर कमी विषाचे वाण निघाले. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर विष बरंच कमी होते. माझं म्हणणं, तूर-चणा असताना हिच्यावर रोजचा भार टाकू नका, आणि सुटं बेसन घेताना जरा ओळखीच्या चक्कीवरून घ्या, त्यात हिची भेसळ होते.

चार्टवाल्यानं पावडर आन चहा पण घ्याले लावला, १,८०० रुपयाचा. घेऊ?

ज्या चार्टच्या खाली पावडरीची किंमत लिहिलेली असते तो चार्ट नाही, बिल आहे. त्या पैशात सहा-सात महिन्यांची घरची जवस-तिळाची चटणी होते.

डायट सगळं पाळतो पण खर्रा सुटत नाही.

मग डायट राहू द्या, आधी खर्रा, म्हणजे ती तंबाखू-सुपारी, सोडा. मी चेष्टा नाही करत. ग्रुप कोणता का असेना, तोंड तीन बोटं उघडत नाही असे तिशीतले पोरं माझ्यासमोर बसतात आणि विचारतात गहू चालते का.

जेवल्यावर लगेच चहा?

तासभर थांबा, चहानं डाळ-भाजीतलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी जेवताना वरणावर निंबू पिळा, नाहीतर नंतर संत्रं खा. ए ग्रुपवाल्यांनी पण.

मंग ग्रुप काढूच नाही का?

काढा, जरूर काढा, फक्त जेवणासाठी नको. अपघातात लागते, रक्तदानाला लागते. आणि बाई निगेटिव्ह ग्रुपची, नवरा पॉझिटिव्ह असेल तर दिवस राहिल्या राहिल्या डॉक्टरला सांगायचं, कारण अँटी-डी चं इंजेक्शन लागते, साधारण सातव्या महिन्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. ते चुकलं तर पुढच्या बाळाला धोका. जुन्या ओळखपत्रावर भरोसा ठेवू नका, काकाजींचं वर वाचलंच आहे.

उपाशी यायची गरज नाही, भाकर खाऊन आलात तरी ग्रुप तोच निघते. सोमवारी बाजार असते, गर्दी होते, मंगळवारी या.